सहेरीची शेगडी

पहाटेचे सव्वाचार वाजलेले. पूर्वी या वेळेला सोलापूरच्या मोहल्ल्यांतून डफ वाजवत फकीर फिरायचे आणि घराघरातल्या माणसांना हाका मारून उठवायचे. आता ते काम उशाशी ठेवलेला मोबाइल करतो. गजर वाजतो, घरातली एकच बाई उठते, डोळे चोळत स्वयंपाकघरात जाते आणि शेगडी पेटवते. बाकीचं घर आणखी पंधरा-वीस मिनिटं झोपलेलं असतं. रमजानच्या दिवसाची सुरुवात अजानने होते असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर ती लायटरच्या 'टिक टिक' आवाजाने होते.

अशाच एका घरात बाराव्या रोजाच्या पहाटे अम्मीने रात्रीचं सालन गरम करून खाली उतरवलं, पातेल्यात दूध चढवलं, आच मंद केली आणि ती मुलांना उठवायला आतल्या खोलीत गेली. मुलगा पॉलिटेक्निकला, मुलगी दहावीला. रात्री तरावीहनंतर जागलेली मुलं पहिल्या हाकेला उठत नाहीत, दुसऱ्या हाकेलाही नाही. तेवढ्या वेळात दूध वर आलं, उतू गेलं आणि बर्नरवर सांडून ज्योत विझली. बटण मात्र चालूच होतं. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती शेगड्यांत ज्योत विझली की गॅस आपोआप बंद व्हायची सोय नसते. ज्योत असो वा नसो, गॅस येतच राहतो.

वास पहिल्यांदा आला तो दादीला. सत्तरी ओलांडलेल्या दादी वजू करायला मोरीकडे निघाल्या होत्या. त्यांच्या मागोमाग आलेल्या नातीने नाक मुरडलं आणि वास जावा म्हणून एक्झॉस्ट पंख्याच्या बटणाकडे हात नेला. दादी जागच्या जागी ओरडल्या, "पंखा नक्को लगा!"

मुलीचा हात थांबला.

सोलापूर, विजापूर, गुलबर्गा या पट्ट्यात बोलल्या जाणाऱ्या दखनी उर्दूत हा 'नक्को' सर्रास ऐकू येतो. लखनौ-दिल्लीच्या उर्दूला तो माहीत नाही. आपल्या मराठीतला 'नको'च तो, शेजारधर्माने शेकडो वर्षांपूर्वी दखनीच्या घरी गेला आणि तिथेच राहिला. त्या पहाटे तो कामाला आला. पंख्याचं बटण दाबताना आत जी बारीकशी ठिणगी पडते, ती साठलेल्या गॅसला पुरेशी असते. हवेत साधारण २ टक्के गॅस मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो. दादींनी विज्ञान शिकलेलं नव्हतं, पण स्टोचे भडके पाहिलेले होते.

पुढचं सगळं मुकाट्याने झालं. अम्मीने शेगडीचं बटण आणि सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद केला. परसदाराचा दरवाजा आणि खिडकी उघडली. सगळे अंगणात येऊन उभे राहिले. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली फरशीवर पसरतो आणि कोपऱ्यात साचून राहतो. म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावं लागतं. वास पूर्ण जाईपर्यंत सहेरीची वेळ संपायला दहा मिनिटं उरली होती. त्या दिवशीचा रोजा खजूर, पाणी आणि कालच्या भाकरीबरोबर दही, एवढ्यावर धरला गेला. दुसरं काही झालं नाही. काही न झालेल्या गोष्टी वर्तमानपत्रात येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेगडी दुरुस्त करणारे चाचा आले. पिशवीत दोन पाने, एक पक्कड, तारांचा ब्रश आणि जुना टूथब्रश. त्यांनी शेगडी पेटवून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो अम्मीला नव्हे, ओट्याखाली पालथ्या घातलेल्या पातेल्यांना. एक पातेलं उचलून त्यांनी बुडावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"किती दिवसांपासून?"

"रमजान लागल्यापासून," अम्मी म्हणाली. "रोज घासते. रोज काळं होतं. वाटलं, यंदाची घासणीच खराब निघाली."

चाचांनी बर्नरची वरची टोपी काढली. गोल कडेला असलेल्या भोकांपैकी जवळजवळ निम्मी बुजलेली होती. कुठे दुधाचा करपलेला खरपूड, कुठे बेसनाचं पीठ, कुठे तेलाचा डांबरासारखा थर. ज्योत एका बाजूने उंच, दुसऱ्या बाजूने नुसती धुगधुगत होती. जिथे धुगधुगत होती तिथे दूध सांडलं की विझायला कितीसा वेळ लागणार? आच मंद केल्यावर तर फुंकरही पुरते. आदल्या पहाटेचा सगळा प्रसंग त्या टोपीच्या कडेला लिहिलेला होता.

शेगडी साफ करणं म्हणजे ती चकाकवणं, असा आपला समज असतो. पाहुणे येणार म्हणून आपण वरचा पत्रा किंवा काच पुसतो, बटणं पुसतो, मागची टाइल पुसतो. ती दिसते म्हणून पुसतो. पण शेगडीचं जे खरं काम आहे, ते दिसणाऱ्या भागात होतच नाही. ते होतं आतल्या नळीत. सिलिंडरमधून येणारा गॅस एका बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, ज्याला दुरुस्तीवाले 'जेट' म्हणतात, जोराने बाहेर पडतो. त्या जोरामुळे तो आजूबाजूची हवा आपल्याबरोबर खेचून घेतो. हवा आणि गॅस पुढच्या नळीत एकमेकांत मिसळतात आणि मग बर्नरच्या भोकांतून वर येऊन जळतात. हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी, स्थिर आणि जवळजवळ बिनआवाजाची असते. हवा कमी पडली की ती पिवळी होते, लांब होते, हेलकावे खाते. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळलेला गॅस. जो भाग जळायचा राहतो तो काजळी होऊन पातेल्याच्या बुडाला बसतो, आणि त्याच अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. बंद खिडकीच्या छोट्या स्वयंपाकघरात तासभर उभं राहिल्यावर डोकं जड होतं, मळमळतं. उपाशी पोटी उभ्या असलेल्या बाईला वाटतं, रोजा लागला. प्रत्येक वेळी तो रोजाच असतो असं नाही.

म्हणून काळं बूड हा घासणीचा दोष नसतो. ती शेगडीने पाठवलेली चिठ्ठी असते.

भारतीय मानक ब्युरोच्या मानकाप्रमाणे घरगुती गॅस शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. म्हणजे नवी, स्वच्छ, प्रमाणित शेगडीसुद्धा जळणाऱ्या गॅसमधली सगळी उष्णता पातेल्याला देत नाही. काही भाग इकडेतिकडे जातोच. भोकं बुजली की हा हिशेब आणखी बिघडतो. १४.२ किलोचं सिलिंडर महिनाभर पुरणाऱ्या घरात रमजानमध्ये ते लवकर संपतं. पहाटे एकदा, संध्याकाळी दोन तास, रात्री पुन्हा चहा, म्हणून ते संपतं हे खरं. पण त्यातलं किती गॅसने शिजवलं आणि किती काजळीत गेलं, हे घरोघरी कुणी विचारत नाही.

बुजलेली भोकं पाहून दादींनी कपाटातून एक वस्तू आणून चाचांपुढे धरली. स्टोची पिन. पत्र्याच्या पट्टीला लावलेली केसासारखी बारीक तार. चाळिशीच्या पुढच्या वाचकांना ती आठवत असेल. रॉकेलचा पंपाचा स्टो बिघडला की त्याला 'पिन मारायची'. त्या काळी प्रत्येक घरात, हिंदू असो वा मुसलमान, पिन सांभाळून ठेवलेली असायची आणि ऐन वेळी ती कधीच सापडायची नाही. चाचा हसले आणि हात जोडून म्हणाले, "अम्माजान, ही ठेवून द्या."

स्टोची पिन त्या स्टोच्या भोकासाठीच बनवलेली असायची. गॅसच्या शेगडीच्या जेटचं भोक मात्र ठरावीक मापाचं असतं आणि पितळ मऊ. त्यात सुई किंवा तार घालून फिरवली की भोक रुंदावतं. मग गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते आणि ज्योत आधीपेक्षा पिवळी होते. घरोघरी 'साफ केल्यापासूनच बिघडली' अशी जी तक्रार असते, तिच्या मागे बहुधा ही सुई असते. टोपीच्या कडेची मोठी भोकं टाचणीने किंवा टूथब्रशने मोकळी करावीत, खुशाल. जेटला घरी हात लावू नये. तो उघडणं, साफ करणं किंवा बदलणं दुरुस्तीवाल्याचं काम.

चाचांनी मग नळी उघडली. आतून एक वाळकं झुरळ निघालं. अम्मीने तोंडावर पदर घेतला. चाचांना त्याचं काही वाटलं नाही. उबदार, अंधारी आणि खरकट्याच्या वासाची जागा झुरळाला आणखी कुठे मिळणार? कोळीही तिथे जाळं विणतात. ओटा रात्री कोरडा आणि स्वच्छ ठेवला तर ही मंडळी कमी येतात, एवढंच ते म्हणाले.

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वावरणाऱ्या माणसाला इथे एक गंमत सापडते. मराठीत 'पाक' म्हणजे शिजवणं. त्यावरूनच स्वयंपाक, पाककृती, पाकशाळा. हा शब्द संस्कृतातून आला. उर्दूत 'पाक' म्हणजे शुद्ध, पवित्र, आणि तो फारसीतून आला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, केवळ उच्चार सारखा. उर्दूत 'पाक-साफ' असा जोडशब्दही आहे, आणि त्यातले दोन शब्द एकच नाहीत. कपड्यावर चिखल उडाला तर तो साफ राहत नाही, पण पाक असू शकतो. शेगडीवर तेलाचा थर साचला म्हणून ती नापाक होत नाही, नमाजाला अडत नाही. कदाचित म्हणूनच ती मागे पडते. जे धर्माने अडवलं नाही, ते आपण उद्यावर ढकलतो. हिंदू घरांत चुलीची गोष्ट वेगळी होती. मातीच्या चुलीला रोज सकाळी पोतेरं दिल्याशिवाय ती पेटवत नसत. गुजराती घरांत अजूनही रांधण छठीला दुसऱ्या दिवसाचं रांधून ठेवतात आणि शीतळा सातमीला चूल पेटवत नाहीत, तिला विसावा देतात. चूल गेली, ओट्यावर गॅस आला आणि पोतेऱ्याबरोबर रोज सकाळी चुलीकडे एकदा नीट पाहण्याची सवयही गेली. दोन्ही घरांतली.

रमजानमध्ये शेगडी एवढी का माखते, त्याला कारण इफ्तार. भजी, समोसे, खिमा पॅटिस, कबाब. महिनाभर रोज तळण. दिवाळीच्या फराळाच्या चार दिवसांत जे शेगडीचं होतं, ते इथे तीस दिवस होतं. कढईतून तेलाचे अतिशय बारीक थेंब उडतात, ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते शेगडीच्या पत्र्यावर, मागच्या टाइलवर, बटणांच्या खाली, एक्झॉस्टच्या पात्यांवर बसतात. पहिल्या दिवशी ते तेलच असतं, ओल्या फडक्याने निघतं. पण उष्णता आणि हवा लागून तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्याचा चिकट, मग कडक, तपकिरी थर होतो. लोखंडी तव्याला तेल लावून तापवलं की जो काळा गुळगुळीत थर चढतो, तोच हा प्रकार. तव्यावर तो हवा असतो, शेगडीवर नको असतो. आज जे फडक्याने निघेल ते आठवड्याने सोड्याने निघतं आणि महिन्याने तारेच्या घासणीनेही निघत नाही, हे ज्याला कळलं त्याचा निम्मा त्रास वाचला.

तेव्हा रोजची वेळ कुठली? चाचांचं उत्तर सोपं होतं. रात्री, शेवटचा चहा झाल्यावर, शेगडी कोमट असताना. गरम असताना नाही. काचेच्या शेगडीवर तर मुळीच नाही. तापलेल्या काचेवर थंड पाण्याचं फडकं पडलं तर ती तडकते, कधीकधी तिचे तुकडे उडतात. कोमट असताना थर मऊ असतो. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घातलेल्या पाण्यात फडकं पिळून घ्यायचं, पुसायचं, मग कोरड्या फडक्याने पुन्हा. त्याआधी रेग्युलेटर बंद. या दोन मिनिटांना पाणीही तांब्याभर लागतं, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या सोलापूरसारख्या शहरात तो हिशेब लहान नाही.

आठवड्याने बर्नरच्या टोप्या आणि वरची कडी काढून घ्यायची. अर्धी बादली कडकडीत पाणी, त्यात दोन चमचे खाण्याचा सोडा आणि थोडा साबण. कडी त्यात अर्धा तास भिजू द्यायची, मग काथ्याने घासायची. पितळी टोप्यांना चिंच किंवा लिंबू-मीठ. देव्हाऱ्यातली समई आणि घरातला पितळी बधना ज्याने लख्ख होतो, तेच. त्यातलं आम्ल पितळेवरचा काळा थर विरघळवतं. पंधरा-वीस मिनिटं पुरतात, मग टूथब्रश. टोपी ॲल्युमिनियमची असेल तर मात्र धुण्याचा सोडा लावू नये, त्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि काळं पडतं.

सोडा आणि व्हिनेगर, म्हणजे आपला शिरका, एकत्र ओतून फेस काढायची एक फॅशन आहे. फेस छान येतो, मुलांना आवडतो. पण एक अल्क आणि एक आम्ल. दोघे भेटले की एकमेकांना संपवतात, आणि मागे उरतं ते जवळजवळ नुसतं खारं पाणी. दोन्ही वापरायचं असेल तर आधी सोड्याची लपेट, ती पुसून काढल्यावर शिरका. फेस पाहायची हौस असेल तर ती गोष्ट निराळी. एक मात्र थट्टेत घेण्यासारखं नाही. संडास धुवायचं ॲसिड किंवा शिरका ब्लीचमध्ये कधी मिसळायचा नाही. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, आणि घाईघाईत सफाई करणाऱ्या घरांत ही चूक होते.

धुतलेल्या टोप्या पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नयेत. उन्हात ठेवाव्यात. सोलापुरात मार्चच्या उन्हाला कमतरता नाही. बसवताना मोठी मोठ्या जागी, लहान लहान जागी, आणि खाचेत नीट. टोपी वाकडी बसली तर ज्योत एका बाजूने उचलते. पेटवल्यावर सुरुवातीला नारिंगी ठिणग्या दिसल्या तर घाबरू नये. कुठेतरी सोडा किंवा मीठ राहिलेलं असतं. सोडियम जळताना तोच रंग दाखवतं. पुन्हा एकदा साध्या पाण्याने धुवावं. तरीही ज्योत पिवळीच राहिली तर मग चाचांना बोलवावं.

आणि नळी. रबरी नळीवर लोकांचं लक्ष सर्वांत शेवटी जातं, कारण ती ओट्याखाली, डब्यांच्या मागे. गॅस कंपन्यांची नारिंगी, आत तारेचं जाळं असलेली सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर तारीख छापलेली असते. साबणाच्या पाण्याचा ब्रश जोडावरून फिरवला आणि बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग आजही आहेत. गॅसला स्वतःचा वास नसतो. त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात, ते आपल्याला सावध करायलाच. पण तोच वास बराच वेळ येत राहिला की नाक त्याला सरावतं आणि तो जाणवेनासा होतो. म्हणून पहिल्यांदा आलेल्या वासाला 'भास असेल' म्हणू नये. १९०६ हा गॅसगळतीसाठीचा क्रमांक देशभर चोवीस तास चालू असतो. फोन मात्र घराबाहेर येऊन करावा.

आता ओव्हन. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत नानकटाईचा विषय निघतो. मैदा, साखर, तूप डब्यांत भरून बेकरीत द्यायचं आणि संध्याकाळी भट्टीतून भाजून निघालेल्या नानकटाईचे पत्र्याचे डबे घेऊन यायचे, ही पद्धत महाराष्ट्राच्या गावागावांत दिवाळीलाही आहे आणि ईदलाही. बेकरीच्या भट्टीसमोर दोन्ही सणांची रांग सारखीच असते. हल्ली ओट्यावर छोटा विजेचा ओव्हन आला. कोकणात खेड, महाड, रत्नागिरीकडच्या, आखातात नोकरी केलेल्या कुटुंबांत तर चार बर्नरची आणि खाली ओव्हन असलेली मोठी रेंज दिसते. पुष्कळ घरांत त्या ओव्हनचा उपयोग वर्षभर कढया ठेवायला होतो आणि ईदच्या आधी एकदा तो आठवतो.

तो आठवला की थेट नानकटाई आत ढकलू नये. मागच्या वर्षीचं चिकन भाजताना उडालेलं तूप आत वाळलेलं असतं. ओव्हन तापला की ते धुमसतं, आणि वेलचीच्या नानकटाईला गेल्या ईदच्या कोंबडीचा वास येतो. विजेचा ओव्हन असेल तर पिन काढून पूर्ण थंड होऊ द्यावा. खालचा चुऱ्याचा ट्रे, जाळी बाहेर काढून सोड्याच्या पाण्यात. आतल्या भिंतींना खाण्याचा सोडा आणि पाणी कालवून केलेली दाटसर लपेट लावायची, तापणाऱ्या कांड्यांना ती लागू द्यायची नाही, आणि रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसायची. पाणी ओतायचं नाही. बाजारात मिळणारी ओव्हन साफ करायची काही रसायनं कॉस्टिक सोड्याची असतात. ती डोळ्यांना, कातडीला आणि श्वासाला घातक, आणि ॲल्युमिनियमच्या मुलाम्यालाही. उपाशी पोटी, खिडकी बंद करून ती फवारण्यापेक्षा रात्रभर थांबणारा सोडा बरा. साफ झालेला ओव्हन आधी दहा मिनिटं रिकामा तापवून घ्यावा. दरवाजाच्या काचेसाठी ब्लेड वापरणारे आहेत. ओरखडा पडलेली काच पुढे तापून तडकू शकते, म्हणून तिथेही सोडाच.

हे सगळं करायचं कुणी, हा खरा प्रश्न. लेखात तो शेवटी येतो, घरात तर येतच नाही. जी सर्वांत आधी उठते तिनेच इफ्तारची भजी तळायची, चव न घेता मिठाचा अंदाज बांधायचा, दस्तरख्वान उचलायचा आणि पुरुष तरावीहला गेल्यावर ओटा पुसायचा. तिची तरावीह ओट्याचं काम आटोपेल तेव्हा. मग रोज दोन मिनिटांची सफाई राहून जाते, ती आळसाने नव्हे. दिवसाच्या शेवटी त्या हातांत तेवढं बळ नसतं. पैगंबर घरी असताना घरच्यांच्या कामात हात लावत आणि नमाजाची वेळ झाली की निघत, असं हजरत आयेशांच्या हवाल्याने हदीसमध्ये आलं आहे. ही हदीस रमजानच्या बयानात अनेकदा ऐकू येते. ऐकून घरी आलेले किती जण बर्नरची टोपी उचलतात, ते ज्याने त्याने आपल्या ओट्यावर जाऊन पाहावं.

त्या घरात मुलाने उचलली. फार विचार करून नाही. चाचा शेगडी उघडत होते तेव्हा तो शेजारी बसून बघत होता, पॉलिटेक्निकला शिकतो म्हणून त्याला जेट आणि नळीत रस वाटला. चाचांनी निघताना त्याच्याच हातात जुना टूथब्रश दिला. पहिल्या रात्री दादींना ते पाहवेना. "लडका चूल्हा साफ करतो, लोक काय म्हणतील?" अम्मी काही बोलली नाही, ती तरावीह पढायला आतल्या खोलीत गेली. बाराव्या रोजानंतर पहिल्यांदाच तिने ती वेळेवर पढली. मुलाने कडी उलटी बसवली होती, ती सहेरीला पातेलं डळमळल्यावर कळली. दुसऱ्या रात्री बरोबर बसली.

२०२५ साली पाडवा ३० मार्चला आला आणि ईद ३१ मार्चला. एकाच आठवड्यात भिंतीच्या दोन्ही बाजूंना स्वयंपाकघरं धुतली जात होती. शेजारच्या काकूंनी कडुलिंबाचा पाला आणि साखरेच्या गाठी दारातून दिल्या आणि जाता जाता अंगणातल्या बाजेवर वाळत ठेवलेल्या पितळी टोप्या पाहिल्या.

"कशाने घासल्या रे?"

"चिंचेने, काकू."

"आमच्याही पिवळ्या जळतायत बघ."

त्या संध्याकाळी चंद्र दिसल्याचा पुकारा झाला. अम्मीने शीरखुर्म्यासाठी चार लिटर दूध मोठ्या पातेल्यात ओतलं आणि मोठा बर्नर पेटवला. या वेळी ती जागची हलली नाही. ओट्याला टेकून डाव घेऊन उभी राहिली. रथसप्तमीला काकूंच्या अंगणात दूध मुद्दाम उतू जाऊ देतात, हे तिने कैकदा पाहिलं होतं. इथे तसं चालणार नव्हतं. दूध वर आलं, तिने आच कमी केली, ते खाली बसलं. पातेल्याखाली निळ्या ज्योतींची माळ सगळीकडून सारखी होती. मुलगा घरात नव्हता. पक्कड आणि टूथब्रश घेऊन तो काकूंकडे गेला होता.